नारळाचा जामीन

माणिकराव वकील गेले त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ते माळवदावर उभे राहून खाली अंगणात ठेवलेल्या भोपळ्यांवर नारळ सोडत होते.

भोपळे दोन. एक बोडका, दुसऱ्याला पटका बांधलेला. पटका वकिलांचा स्वतःचा, कचेरीत घालायचा. भोपळे मात्र शेजारच्या बायनाबाईच्या मांडवावरचे, आणि ते कशाला हवेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पंचमीला माहेरी आलेल्या गंगाखेडच्या साऱ्या लेकी त्या वेळी झोक्यावर होत्या. वकिलांची एकुलती एक लेक सुगंधा तेवढी भोपळ्याचा पटका सरळ करत होती.

"बाजूला हो," वकील वरून म्हणाले. ती झाली. "अजून." ती अजून झाली. शेवटी ती दाराच्या आत, चौकटीच्या मागं गेली तेव्हा कुठं त्यांनी पहिला नारळ सोडला, आणि तो दोन्ही भोपळ्यांना चुकवून तांब्याच्या घंगाळावर पडला. घंगाळाला पोचा आला. दुसऱ्या नारळानं बोडक्या भोपळ्याची शकलं केली. तिसरा नेमका पटक्यावर बसला. भोपळा लवंडला, गडगडत तुळशीपर्यंत गेला आणि थांबला. वकील जिना उतरून खाली आले. उतरतानाही प्रत्येक पायरीवर आधी एक पाय ठेवून ती आपलं वजन पेलते का हे बघायची त्यांची रीत होती, मग ती पायरी लग्नापासून रोज वापरातली का असेना. पटका सोडून त्यांनी भोपळा हातात फिरवला, नखानं टोकरला, कानाशी धरून वाजवला आणि समाधानानं म्हणाले, "कवटी शाबूत."

तेवढ्यात बायनाबाई भिंतीवरून डोकावली. आपल्या एका भोपळ्याची दशा आणि दुसऱ्याची तपासणी बघून तिनं काही आरडाओरडा केला नाही. तिनं फक्त विचारलं, "वकीलसाब, माणसाचं डोस्कं भोपळा असतंय व्हय?"

"बहुतेकांचं," वकील गंभीरपणे म्हणाले, "म्हणून तर बघायलोय."

त्या दिवशी घरात भोपळ्याची भाजी झाली, वर ओलं खोबरं घातलेली. वकिलांनी लेकीच्या ताटातली भाजी आधी बोटानं चाचपली, खोबऱ्यात करवंटीची चीप तर राहिली नाही ना ते पाहिलं, आणि मग ताट तिच्याकडे सरकवलं. ती लहान असल्यापासून ते तसंच करत. ती आता दुसऱ्याच्या घरची सून होती, चार बुकं वाचलेली होती, आणि चीप ओळखण्याइतकी शहाणीही होती. पण तिनं ते बोलून दाखवलं नाही. त्या घरात कुणी कुणाला फारसं काही बोलून दाखवत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकील उठले नाहीत. आयुष्यभर दाराला आतून दोन कड्या आणि वर अडसर लावणाऱ्या माणसाकडे मृत्यू आला तो कुठलीच कडी न वाजवता. वैद्य म्हणाले, काळीज थांबलं. गाव म्हणालं, नारळाच्या धास्तीनं गेला.

गाव असं का म्हणालं, ते सांगायचं तर मागच्या पोळ्यापर्यंत जावं लागेल.

गंगाखेडपासून जवळच उंबरवाडी आणि सावरवाडी ही दोन गावं समोरासमोर आहेत. मधे अर्ध्या कोसाचं गायरान. पोळ्याच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी उंबरवाडीच्या मारुतीपासून नारळ फेकायला सुरुवात व्हायची. नारळ पडेल तिथून पुन्हा उचलायचा, पुन्हा फेकायचा, आणि एकवीस फेकींत तो सावरवाडीच्या वेशीच्या आत गेला पाहिजे, असा पण. गेला तर वर्षभर उंबरवाडीची कॉलर ताठ. नाही गेला तर सावरवाडीच्या पोरीबाळीसुद्धा उंबरवाडीच्या माणसाला बाजारात विचारायच्या, की मामा, हात दुखतो का अजून. ह्यापलीकडे ह्या खेळात काहीही मिळत नसे, आणि म्हणूनच त्याच्यासाठी माणसं जीव टाकत.

उंबरवाडीचा फेकणारा लिंबाजी. जातीचा धनगर, गोफणीवर हात घडलेला, अंगानं ताडासारखा. मागच्या पोळ्याला त्याचा नारळ वेशीच्या अलीकडे रायभान पाटलाच्या बैलावर उतरला. बैल सजवून उभा होता. शिंगं रंगवलेली, त्यांना पितळी शेंब्या, पाठीवर झूल. नारळ पडला तो उजव्या शिंगावर, आणि शिंग गेलं. पोळ्याच्या दिवशी, पोळ्याच्या बैलाचं, आणि तेही सावरवाडीच्या पाटलाच्या. पुढं काय झालं असेल ते सांगायला नको. काठ्या निघाल्या, डोकी फुटली, आणि प्रकरण कचेरीत गेलं.

लिंबाजीचं वकीलपत्र माणिकरावांनी घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की बैलाला वर बघायची सूचना नव्हती म्हणून दोष बैलाचा नाही, नारळाला डोळे नव्हते म्हणून दोष नारळाचा नाही, आणि फेकणाऱ्यानं फेकण्यापलीकडे काही केलं नाही. मग दोष त्याचा, ज्यानं नारळ आणि बैल एका वेळी एका जागी येऊ दिले. असा माणूस कोण? कुणीच नाही. साऱ्या खेळाला धनीच नव्हता. मुन्सिफांनी हे ऐकून बराच वेळ दाढी कुरवाळली आणि दोन्ही गावांना समेट करायला लावला.

खटला मिटला, पण दोन गोष्टी मिटल्या नाहीत. एक म्हणजे लिंबाजीचा हात गेला. गेला म्हणजे जागेवर होता, पण नारळ घेऊन उभा राहिला की हात वर जायचा आणि तिथंच अडायचा. तो वकिलांना म्हणाला, "हात वर जातूय आन मला बैल दिसतूय. आता माज्याच्यानं हुत न्हाई."

वकील म्हणाले, "तू फक्त फेक. पडायचं कुठं ते मी बघतो."

हे वाक्य बोलणं सोपं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे सरकार. ते दिवसच असे होते की चार माणसं एका जागी जमली तर तहसीलला त्याचं कारण लागे. सभा, तालीम, आखाडा, जत्रा, सगळ्याला परवानगी. त्यात इथं दोन गावं काठ्यांनिशी जमून आभाळात काहीतरी फेकतात, ही बातमी नव्या तहसीलदारांना फारशी आवडली नाही. त्यांनी पोळ्याची फेक बंद केली. वकिलांनी अर्ज केला.

अर्ज उर्दूत, कायदेशीर, नजर लागावी असा. पण तो घ्यायचा कुणी, हाच प्रश्न पडला. कचेरीतल्या पेशकाराचं म्हणणं, नारळ हे फळ. तर मग जकात घेणाऱ्या करोडगिरीवाल्यांना विचारा. करोडगिरीवाले म्हणाले, तो देवाला चढतो ना, मग धर्मखात्याकडे जा. धर्मखात्यानं विचारलं, देवाला चढतो की फेकला जातो? फेकला जात असेल तर तो हत्यार, आणि हत्यार म्हणजे पोलीस अमीनसाहेब. अमीनसाहेबांनी एक नारळ मागवून घेतला, दोन दिवस ठेवून घेतला आणि अभिप्राय दिला की वस्तू रुचकर आहे. शेवटी वकिलांना तहसीलदारांपुढं उभं करण्यात आलं, की सांगा, हे नेमकं आहे काय. वकील म्हणाले, "हुजूर, फेकेपर्यंत फळ, उडताना खेळ, पडल्यावर प्रसाद."

"और किसी के सर पे पड़ा तो?"

"तो पुरावा."

तहसीलदार हसले. माणूस वाईट नव्हता; हैदराबादेहून नवा आलेला, आणि नव्या माणसाला वाटते तेवढीच भीती त्याला वाटत होती. त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. कुणा अब्रूदार माणसानं जामीन राहायचं, की ह्या खेळात माणसाला किंवा जनावराला इजा होणार नाही. झाली तर जामीनदाराचं घर जप्त, आणि तो वकील असेल तर सनदही.

मग अब्रूदार माणसांचा शोध सुरू झाला आणि त्या पंचक्रोशीत अब्रूदार माणसं किती कमी आहेत हे सगळ्यांच्या लक्षात आलं. उंबरवाडीच्या पाटलाला नेमकी त्याच आठवड्यात काशीला जायची ओढ लागली. सावकारांनी कंबर धरली. वकिलांचे शेजारी किशनराव, निवृत्त पेशकार, ज्यांच्याकडे दुसऱ्यासाठी सल्ला नाही असा विषय जगात नव्हता, त्यांनी जामीन कोणकोण राहू शकेल ह्याची नावं फार उत्साहानं सांगितली. त्यात त्यांचं स्वतःचं नाव कसं राहून गेलं हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

जामीन राहिले माणिकराव.

ह्यावर कुणाचा विश्वास बसेना. कारण माणिकरावांची ख्याती अशी, की दुधानं तोंड कधी पोळलं नसतानाही ते ताक फुंकून पीत. गोदावरीला पूर आला की ते घाटावर जात नसत; ओसरला की घाट निसरडा असतो म्हणून जात नसत; उन्हाळ्यात पाणीच नसे. लेकीला त्यांनी कधी झोक्यावर उभं राहू दिलं नाही. 'फुंकऱ्या वकील' हे नाव त्यांना तोंडावर कुणी म्हणत नसे, पण सुगंधाच्या सासरी, थेट ताडकळसला, ते पोचलेलं होतं. नणंदा हसत विचारायच्या, की वहिनी, पायरी तपासून उतरलात ना. ती खाली मान घालून काम करत राही. खोटं तर काही नव्हतं त्यात; काय बोलणार.

आणि ह्याच माणसानं घर आणि सनद एका नारळाला बांधली.

सही केल्यापासून वकील पेटले. इजा चार प्रकारची, असं त्यांनी किशनरावांना समजावलं. माणसाला, जनावराला, पिकाला आणि अब्रूला. खटले बहुतेक चौथीतून उभे राहतात. म्हणून वेशीत बैल बांधायचे नाहीत, ते गावाच्या पल्याड. नारळ जिथं जिथं पडेल असा अंदाज, तिथं चुन्याचं रिंगण, आणि रिंगणात कुणी पाय ठेवायचा नाही. बाप्यांनी पटका, बायांनी डोक्यावर पालथी टोपली. झाडावर चढायला बंदी. वैद्य हजर, बाज हजर, बाज उचलायला चार गडी हजर. आणि सगळ्यांत मोठा नियम हलगीचा. हलगी वाजत असेपर्यंत चालावं, बोलावं, तंबाखू मळावी. हलगी थांबली की फेकणारा सोडून साऱ्यांनी जिथं असू तिथं खाली बसायचं, मान गुडघ्यात घालायची, दोन्ही हात डोक्यावर. नारळ पडल्याचा आवाज झाला की उठायचं. उभा राहील फक्त जामीनदार. पटका डोळ्यांवर येतो म्हणून तो न बांधता त्यानं नजर वर ठेवायची, आणि नारळ कुणावर येतोय असं वाटलं तर ओरडायचं.

दवंडी देऊन हे दोन्ही गावांत आणि गंगाखेडातही सांगितलं गेलं. गावांनी ऐकून घेतलं. बायनाबाईनं विचारलं, की पोळ्याला चालले की पुराला. किशनरावांनी सुचवलं, नारळाऐवजी कापसाचं बोचकं फेकलं तर एवढं काहीच लागणार नाही. वकिलांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मग पटका किती पदरी असावा हे ठरवायला बायनाबाईचे भोपळे मागून आणले.

इथपर्यंत आलं होतं, तेव्हा ते गेले.

अग्नी नांदेडच्या पुतण्यानं दिला. लेकीचं सुतक तीन दिवसांचं. ते फिटलं आणि भेटायला येणाऱ्यांचं बोलणं तिच्या कानावर पडू लागलं. सारे हळहळत होते, मनापासून हळहळत होते, आणि ओसरी उतरता उतरता एकमेकांना सांगत होते की जामीन झाला आन धास्तीनं मेला. ज्याचं काम त्यानं करावं. रायभान पाटील सावरवाडीहून येऊन बसला, चहा प्याला, आणि जाताना म्हणाला, की एका अर्थानं सुटले वकील, पोळ्याच्या दिवशी त्यांच्याच्यानं ते बघवलं नसतं.

सुगंधा ऐकत होती. तिनं पुष्कळ वाचलं होतं, पण वडिलांबद्दल असं कुणी बोललं तर काय करावं हे कुठल्या बुकात नव्हतं.

तेराव्याला लिंबाजी आला. ओसरीच्या खालीच उभा राहिला. तहसीलनं कळवलं होतं, की जामीनदार मयत, सबब परवाना रद्द. तो काही मागायला आला नव्हता. तो म्हणाला, "बाई, दोन हप्ते झाले रोज फेकायलोय. हात मोकळा झाला. वकीलसाबाला सांगायचं हुतं, राह्यलं."

तो गेल्यावर सुगंधानं किशनरावांना बोलावलं आणि विचारलं, जामीनदार गेला तर जामिनकी जाते की वारसाकडे येते? किशनरावांनी आधी चष्मा पुसला. मग ते म्हणाले की वारसाला नको म्हणता येतं. मग म्हणाले की शहाणा वारस नको म्हणतोच. मग म्हणाले की भाऊबंदात वाटण्या झालेल्या आहेत, तुला भाऊ नाही, आई आधीच गेलेली, तेव्हा घराची वारस तूच. सासरी विचारलंस का? तिनं सासरी विचारलं. नवऱ्याचं उत्तर आलं ते एका ओळीचं, की घर तुझ्या वडिलांचं, तू ठरव. तो मुळात थोडक्यात बोलणारा माणूस होता, आणि ह्या बाबतीत तिला त्याचं बरं वाटलं.

तहसील कचेरीत बाई आली म्हणून शिपायांनी आधी स्टूल आणलं, मग पडदा शोधला, मग पडदा सापडेना म्हणून नकाशांचं कापड धरून दोघे जण उभे राहिले. त्या कापडावर अख्खा परभणी जिल्हा रंगवलेला होता. त्याच्या अलीकडे सुगंधा आणि पलीकडे तहसीलदार. किशनराव मधे उभे राहून दोघांचं बोलणं एकमेकांना समजावून देऊ लागले, वास्तविक दोघांनाही सगळं समजत होतं. तहसीलदारांनी विचारलं, घर जाऊ शकतं हे माहीत आहे का. तिनं हो म्हटलं. त्यांनी विचारलं, मग का. तिनं सांगितलं, की बंदोबस्त तयार आहे, तो एकदा बघायचा आहे. मग तहसीलदार म्हणाले, की बघायचा तर मलाही आहे.

पोळा उजाडला. रात्रीतून पाऊस येऊन गेला होता आणि काळी माती लोण्यासारखी झाली होती.

आता वकिलांनी सगळा विचार केला होता, पण पोळ्याला माणसं नवी धोतरं नेसतात, ह्याचा केला नव्हता. हलगी थांबली, लिंबाजीनं हात मागं नेला, आणि सारा जमाव चिखलाकडे बघत उभा. बसायचं की धोतर राखायचं, हा प्रश्न प्रत्येकानं शेजाऱ्यावर सोपवला. लिंबाजीनं हात खाली घेतला. तो म्हणाला, सगळे बसल्याबिगर मी फेकत न्हाई. तसं वकीलसाबाला कबूल केलंय. तेव्हा तहसीलदार, जे शेरवानी आणि रुमी टोपी घालून खुर्चीवर बसले होते, ते उठले. सुगंधानं किशनरावांकरवी त्यांना आधीच एक पटका पाठवला होता. तो त्यांनी टोपीवरून गुंडाळला, त्यामुळे ते नवरदेवासारखे दिसू लागले, आणि सरळ घोंगडी टाकून खाली बसले. हाकीम बसला म्हटल्यावर धोतरांचं काय घेऊन बसायचं. जमाव बसला.

पहिली फेक चुन्याच्या रिंगणात पडली. माणसं उठली, मागं चिखलाचे ठसे घेऊन. दुसरी. तिसरी. पाचव्या फेकीला हलगीवाल्याला शिंक आली, हलगी मधेच थांबली आणि तंबाखू मळणारे शे-दीडशे लोक तंबाखूसकट गुडघ्यात गेले. आठव्या फेकीला एका टोपलीखाली कोंबडी निघाली. टोपली मालकिणीनं जशी होती तशी डोक्यावर घेतली होती. अकराव्या फेकीला चुन्याच्या रिंगणावरून घसरून वैद्यच पडले. त्यांना जखमींसाठी आणलेल्या बाजेवर घालण्यात आलं, आणि वैद्य हे बंदोबस्तातले की बघ्यांतले, ही इजा धरायची की नाही, ह्यावर किशनराव आणि कचेरीचा पेशकार ह्यांची जी बाचाबाची झाली ती वैद्यांनी स्वतः उठून थांबवली. ते म्हणाले, मला काही झालेलं नाही, फक्त लाज वाटते.

आणि ह्या सगळ्यात सुगंधा उभी होती.

पहिल्या फेकीला तिच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या फेकीला आलं. हलगी थांबली, साऱ्या गायरानात पटके आणि टोपल्या खाली गेल्या, वारा ऐकू येऊ लागला, आणि त्या एवढ्या पसाऱ्यात उघडं, उभं असं एकच डोकं राहिलं. तिचं. डोक्यावर टोपली घेता येईना, कारण टोपलीच्या काठानं वरचं दिसत नव्हतं. वर बघताना पदर खांद्यावर घसरला. सावरायला हात उचलला तर नजर हलणार, म्हणून तिनं तो सावरला नाही. नारळ वर गेला आणि तिच्या डोक्यावरून गेला. दवंडीत हा नियम तिनंही ऐकला होता. कचेरीची एक तजवीज म्हणून ऐकला होता. ही जागा आबांनी, तिच्या वडिलांनी, कुणासाठी लिहिली होती, ते तिला इथं उभं राहिल्यावर समजलं. सगळ्यांना झाकून झाल्यावर जी एक उघडी जागा उरते, ती त्यांनी स्वतःला ठेवली होती.

नारळाबरोबर पुढं सरकत पुढच्या प्रत्येक फेकीला ती उभी राहिली. लिंबाजी नारळ उचलायचा, एकदा तिच्याकडे बघायचा, आणि फेकायचा.

विसावी फेक वेशीच्या बरीच अलीकडे पडली. एवढं अंतर एका फेकीत कुणी कधी कापलं नव्हतं. उंबरवाडीचे चेहरे उतरले. सावरवाडीचे लोक तंबाखू मळू लागले. लिंबाजीनं नारळाची शेंडी ओली करून बोटांत घट्ट धरली, मातीला हात लावला आणि हलगीवाल्याकडे पाहिलं. हलगी थांबली.

दोन्ही गावं खाली बसली. लिंबाजी चार पावलं धावला आणि त्याच्या सगळ्या अंगातून तो नारळ सुटला. सुगंधानं नजर त्याच्यावर ठेवली. तो चढत गेला. आता वळेल, आता वळेल असं वाटत असताना चढत गेला, आणि सावरवाडीवर आलेल्या उन्हात शिरला. तिथं डोळा ठरेना. तिनं पापणी मिटली, उघडली, आणि नजर नाइलाजानं खाली आली.

खाली तिनं जे पाहिलं ते तिला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. मारुतीपासून वेशीपर्यंत सारं गायरान वाकलेलं होतं. पांढरे, गुलाबी, हळदी पटके, पालथ्या टोपल्या, मधे शेरवानीतला हाकीम, त्याच्या शेजारी हलगीवाला, त्याच्या शेजारी बाजेवरचे वैद्य. मागच्या पोळ्याला एकमेकांची डोकी फोडणारी दोन गावं आपापलं डोकं जपत एकाच मातीत बसली होती, आणि एवढ्या माणसांच्या वर फक्त आभाळ होतं. देवळात, उरुसात, कुठंच तिनं इतकी माणसं इतकी गप्प पाहिली नव्हती. आवाज होईल म्हणून सारे वाट बघत होते, आणि आवाज होत नव्हता. पण कुणी मान वर केली नाही. आबांनी सांगितलं होतं म्हणून.

बऱ्याच वेळानं पहिला पटका वर आला तो तहसीलदारांचा. त्यांनी हळूच विचारलं, गिरा क्या?

मग शोधाशोध झाली. नारळ सापडला तो वेशीच्या आत, गुरांना पाणी पाजायच्या दगडी हाळात, शेंडी वर करून तरंगत. उंबरवाडीनं जो कल्ला केला तो गंगाखेडात ऐकू गेला म्हणतात. सावरवाडी म्हणाली, कशावरून. आधीच कुणी आणून सोडला असेल. उंबरवाडी म्हणाली, पडताना कुणी पाहिलं नाही का? आणि मग हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं, की नाही. त्या मुलखात आजवर झालेली सगळ्यांत लांब फेक हजारभर माणसांच्या समोर झाली होती आणि ती एकानंही पाहिली नव्हती. चारही प्रकारच्या इजेतून सारे बचावले होते. साक्षीदार मात्र बंदोबस्तात गेले होते.

सगळे सुगंधाकडे वळले. तिनं सांगितलं, की नारळ उन्हात गेला तोवर पाहिला, पडताना नाही पाहिला. एक शब्द इकडे तिकडे केला असता तर उंबरवाडी जिंकत होती. लिंबाजीनं मान हलवली, जणू त्याला हेच अपेक्षित होतं. तो स्वतःशी हसत होता आणि उजवा हात पुन्हा पुन्हा वर नेऊन बघत होता.

तहसीलदारांनी हार-जीत न लिहिता एवढंच लिहून घेतलं, की माणूस, जनावर कुणालाही इजा नाही, जामीन मोकळा. माणसं धोतरं झटकत उठली. रायभान पाटील, बुडाला पसाभर चिखल, चारचौघांना ऐकू जाईल असं हसत म्हणाला, "वकील असते तर त्यांनीबी सगळ्यांच्या आदी मुंडकं गुडघ्यात घातलं असतं. फुंकून पिणारं माणूस."

चारचौघं हसली. किशनरावही सवयीनं हसले.

सुगंधाचा पदर अजून खांद्यावरच होता. ती पाटलाकडे गेली नाही, जिथं उभी होती तिथूनच बोलली, आणि आवाज चढवायची तिला गरज पडली नाही, कारण ती बोलते आहे हे पाहूनच लोक गप्प झाले.

"नाही, पाटील," ती म्हणाली. "तुम्ही सगळे खाली बसला होता तेव्हा आबा इथं उभे राहणार होते. उघड्या डोक्यानं. माझे आबा भित्रे नव्हते."